दुखेल त्या बाजूचा हात

पावाची कडक कड चावताना तोंडात काहीतरी कट्कन वाजलं. तिला आधी वाटलं, खडा. पावात खडा कुठून येणार, हा विचार मागाहून आला. तोवर जिभेने तो खडा पुढे ढकलला होता आणि तिने तो तळहातावर घेऊन खिडकीकडे धरला होता. करडा, काळसर, तांदळाच्या दाण्याएवढा. एक अंग खडबडीत, दुसऱ्या अंगावर बारीक चर कोरलेले, मधोमध एक आणि त्याला फुटलेले दोन फाटे. खड्यावर कोणी चर कोरत बसत नाही. समोरच्या टेबलावर एका जुन्या पेटीची बिजागरी उकलत बसलेल्या सुताराने मान वर केली. तो काही खरा सुतार नव्हता. संग्रहालयातल्या लाकडी वस्तूंची डागडुजी करायचा, आणि त्याच्या पदाचं लांबलचक नाव कोणाच्याच तोंडात बसत नसे.

"काय सापडलं? कुठल्या शतकातलं?" त्याने विचारलं.

"माझंच आहे," ती म्हणाली. "मी सहावीत असतानाचं."

सुतार हसला आणि पुन्हा बिजागरीत बुडाला. ती मात्र हसायचं विसरली. तिची जीभ केव्हाच मागे गेली होती, खालच्या डाव्या दाढेपाशी, आणि तिथे दार उघडं सापडल्यासारखी आत शिरली होती. इतकी वर्षं जिथे गुळगुळीत फरशी होती तिथे आता कडा होत्या, कोपरे होते. प्रसाधनगृहाच्या आरशात वाकून पाहिलं तर खड्डा मोहरीपेक्षा थोडा मोठा. जिभेला मात्र तिथे पाय पसरून बसता येईल एवढी जागा वाटत होती. बाहेर कोणीतरी नळ सोडला, बंद केला. ती आरशासमोर तोंड उघडं ठेवून उभी राहिली आणि आपण कुठली दाढ पाहतो आहोत, आरशातली डावी की आपली, याचा तिला नेहमीसारखाच घोळ झाला. हा घोळ तिच्या पाचवीला पुजलेला. घरात सगळ्यांना माहीत होतं, हिला डावं-उजवं कळत नाही. धाकटा भाऊ अजून फोनवर "काय डावी-उजवी, काय चाललंय?" म्हणूनच सुरुवात करायचा. ती गाडी चालवायला शिकली नाही ती त्यामुळेच. रस्त्याला फाटा आला की क्षणभर थांबायची, कुठल्या हाताने लिहितो ते मनात आठवायची आणि मग वळायची. लग्न ठरता ठरता राहिलं त्या वर्षीसुद्धा तिला कुठेतरी वाटून गेलं होतं, की आपणच वळताना चुकलो असू.

तिचं काम फुटक्या मातीच्या भांड्यांचं. जमिनीतून निघालेले तुकडे तिच्याकडे यायचे. ते धुवायचे, वाळवायचे, कुठला कुणाला लागतो ते शोधायचं, जोडायचे, आणि जो तुकडा सापडतच नाही त्याच्या जागी नवा भराव घालायचा. सध्या तिच्या टेबलावर एक पोटुशीसारखा रांजण होता, खांद्याला तळहाताएवढं भोक पडलेला. भोकाच्या कडा साफ करायला ती जी हत्यारं वापरायची ती दातांची होती. वडिलांनी दवाखाना बंद केला तेव्हा कापडात गुंडाळलेला तो जुडगा तिच्या हाती दिला होता. "घे," ते म्हणाले होते, "दाढ काय, मडकं काय, कोरायचं ते सारखंच. फक्त तुझे पेशंट ओरडत नाहीत." आता तिने तो करडा दाणा भिंगाखाली धरला. रोज दुसऱ्यांचे तुकडे वाचणाऱ्या बाईला आपला तुकडा वाचायला कितीसा वेळ लागणार? वरचे चर वडिलांच्या हातचे. मधला चर जरा तिरपा, फाट्यांची टोकं आपसूक बारीक होत गेलेली. दाढेत भरलेल्या ओल्या चांदीत हा चर कोरताना ते श्वास रोखून धरायचे. शेवटी नाकातून एकदम सोडायचे, आणि तो गरम श्वास मुखपट्टीतून तिच्या कपाळावर यायचा. तिने दाणा कापसात ठेवला आणि डबी पर्समध्ये टाकली. दुपारभर रांजणाच्या भोकाशी तिचा हात चालला आणि तोंडातल्या भोकाशी जीभ.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिने घास उजवीकडे घेतला. एवढंच. वडील समोर बसून सूप पीत होते. चमचा थरथरायचा म्हणून ते वाटी उचलून ओठाला लावत. डोळ्यांवर सायीसारखा पडदा आलेला, पेपरातला मथळा वाचायलासुद्धा भिंग लागायचं, पण समोरचा माणूस कसा चावतो ते त्यांना जबड्याच्या आवाजावरून कळायचं. ही विद्या म्हातारपणाने त्यांच्याकडून काढून घेतली नव्हती.

"उजवीकडून का चावतेस?"

"कुठे? सवय," ती म्हणाली.

"तुला सवय डावीकडची. दुखतंय का?"

"नाही हो बाबा. जीभ चावली गेली सकाळी."

"हं." ते वाटी खाली ठेवत म्हणाले. "रविवारी बघू. ठिपका आपल्याकडे."

"ठिपका आपल्याकडे" हे या घरातलं बोलणं. बाहेरच्याला काही अर्थ लागायचा नाही. दाराला कुलूप घालताना, गॅस बंद केला का पाहताना, परीक्षेला निघताना, भावाच्या लग्नाच्या दिवशी मांडवात शिरतानासुद्धा, वडील म्हणायचे, "ठिपका आपल्याकडे?" म्हणजे, पुन्हा एकदा तपासलंस ना? ती लहानपणी समजत होती की सगळ्याच घरांत असं म्हणतात. आणि रविवार हा दातांचा वार. दवाखाना बंद होऊन किती वर्षं झाली तरी दर रविवारी सकाळी चहा झाल्यावर ते खिडकीजवळ खुर्ची ओढायचे, खिशातली विजेरी काढायचे आणि म्हणायचे, "आ कर." ती आ करायची. त्यांना काय दिसायचं देव जाणे, पण ते एकेका दाढेवरून अंगठा फिरवायचे आणि शेवटी डाव्या-उजव्या दोन्ही चांद्यांवर नखाने टिकटिक करून म्हणायचे, "माझं भरलेलं पडत नाही." हे म्हणताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की त्यासाठी ती आणखी शंभर रविवार आ करून बसली असती. आई गेल्यावर त्यांच्याकडे हे एक वाक्य उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर ती कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. चोरासारखी गेली म्हटलं तरी चालेल, कारण वडिलांच्या मुलीने दुसऱ्या कोणापुढे तोंड उघडण्याची ही पहिलीच वेळ. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या, आणि बोलताना हात सतत चालू. खुर्ची नुसती बटण दाबल्यावर आवाज न करता आडवी झाली. छताला ढगांचं चित्र चिकटवलेलं होतं. लवंगेच्या तेलाचा वास येईल म्हणून तिने श्वास खोल घेतला, पण आला तो नुसता साबणाचा.

"लवंगेचं नाही वापरत?" तिने विचारलं.

"तात्पुरतं भरायला असतं ना, पण तुम्हाला नाही घालणार. नंतर पांढरं घ्यायचं ठरलं, तर त्या तेलावर ते नीट धरत नाही. म्हणून आधी ठरवा, ताई, काय भरायचं ते." डॉक्टरीणबाईंनी एक ट्रे जवळ ओढला. "हे बघा. चांदीचं, म्हणजे तुमचं पडलं तसलं. आता फारसं कोणी घेत नाही, पण टिकतं दणकट. मागितलंत तर करून देईन. मग पांढरं, तुमच्या दाताच्या रंगाचं, थर देत देत भरायचं, प्रत्येक थरावर निळा उजेड मारायचा. दिसतसुद्धा नाही भरलंय म्हणून. हे काचेच्या सिमेंटचं, स्वस्त, हळूहळू दाताला औषध सोडत राहतं, पण चावायच्या जागी झिजतं. आणि साचा घेऊन बाहेर बनवून आणायचं असेल तर चिनी मातीचं किंवा सोन्याचं. सोन्याला मरण नाही. तुम्ही काय करता?"

"मातीची भांडी दुरुस्त करते. जुनी. संग्रहालयात."

"अय्या! मग तुम्हाला काय सांगायचं?" त्या हसल्या, आणि दिव्याखाली वाकल्या, आणि मग त्यांचं हसू थोडं मागे राहिलं. छोटा आरसा दाढेवर टेकला. थंड. तो तसाच टेकलेला राहिला.

"हे कोणी भरलं होतं?"

तोंडात आरसा असताना काय सांगणार? ती फक्त डोळ्यांनी पाहत राहिली.

"नाही म्हणजे, हात फार चांगला आहे. पण गंमत आहे. कीड असली की तिच्या मागे मागे जावं लागतं, खड्डा वेडावाकडा होतो, खोल जातो. तुमची उजवी बघा, ती तशीच आहे, मघाच्या एक्स-रे फोटोत पार नसेजवळ गेलेली दिसते. ही डावी मात्र… वरून सुरुवात केलीय, शेजारच्या फटीकडे निघालेत, आणि मधेच थांबलेत. खाली सगळं टणक. इथे कीड नव्हतीच बहुतेक. म्हणून तर पडलं, ताई. उथळ होतं, धरायला काही नव्हतं." त्यांनी आरसा काढला. "उजवीची कीड डावीत शोधली असेल. तेव्हा एक्स-रेची फिल्म असायची ना, बोटाएवढी. तिच्या कोपऱ्यात एक फुगीर ठिपका असतो. फुगवटा आपल्याकडे ठेवून बघायचं. उलटी धरली की डावं ते उजवं. आम्हाला पहिल्याच वर्षी सर बजावायचे. आता काय, कॉम्प्युटरच सांगतो. चूळ भरा."

तिने चूळ भरली. पाणी वाटीत गोल गोल फिरत खाली गेलं. छतावरचे ढग तसेच होते. "शनिवारी येते," ती म्हणाली, "ठरवून." तात्पुरतं काहीतरी मऊ, वास नसलेलं, खड्ड्यात दाबून त्यांनी तिला सोडलं.

ती चालत निघाली. फाट्यावर आली आणि नेहमीसारखी थांबली, पण आज लिहायचा हात आठवेचना. आठवत होता तो दुसराच हात. खालच्या मजल्यावरचा दवाखाना, वर घर. खुर्ची पायाने दाबली की कण्हत कण्हत वर चढायची. कोपऱ्यातल्या काळ्या कपाटात वडील स्वतः फोटो धुवायचे आणि चिमट्याला लावून दोरीवर वाळत घालायचे, लहान मुलाचे मोजे घालावेत तसे. कधीकधी तिला ते पाऱ्याचा थेंब बशीत खेळायला देत. आज कोणी ऐकलं तर अंगावर काटा येईल. चांदीची पूड आणि पारा खलात घोटून, फडक्यात पिळून ते गोळा करायचे, आणि तो गोळा दातात दाबताना असा करकर वाजायचा, की ओल्या वाळूतून कोणी चालतंय. खुर्चीतल्या प्रत्येकाला ते एकच नियम सांगायचे. "बोलायचं नाही. जिभेला काम द्यायचं नाही. दुखेल त्या बाजूचा हात वर करायचा." म्हातारी माणसं, शिपाई, शाळेच्या मुख्याध्यापक बाई, सगळे त्या खुर्चीत निमूटपणे हात वर करून बसलेले तिने दाराच्या फटीतून पाहिले होते. आणि मग एके दिवशी ती स्वतः. रात्रभर गालाखाली उशी दुमडून रडलेली. आई म्हणाली, "हिचं बघा आधी." वडिलांनी दोन्ही बाजूंचे फोटो काढले, धुतले, वाळवले, खिडकीशी धरले. "कुठे दुखतंय?" तिने हात वर केला. त्यांनी हाताकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "नक्की?" आणि मग दात कोरायची फिरकी सुरू झाली, पट्ट्यावर चालणारी, खोलीभर घुमणारी, आणि कानाच्या मुळाशी येऊन थांबणारी. थांबली. तिला ते थांबणं आठवलं. इतकी वर्षं ते तिच्या आत कुठेतरी पडून होतं आणि आज कोणीतरी त्यावरचं फडकं उचललं. फिरकीचा पट्टा हवेत हळूहळू मंद होत गेला. मुखपट्टीवरचे वडिलांचे डोळे तिच्याकडे पाहत नव्हते, खिडकीकडे पाहत होते, जिथे ती फिल्म होती. बाहेर कोणाची तरी सायकल गेली. मग त्यांनी खल जवळ घेतला आणि चांदी घोटायला सुरुवात केली, फार वेळ घोटली, आणि भरली, आणि चर कोरला, आणि या वेळी श्वास सोडला नाही.

दुखणं थांबलं नाहीच. दोन दिवसांनी उजवी दाढ भरली. त्या रात्री जेवताना वडील आईला म्हणाले, "हिने चुकीचा हात वर केला अगं. समोरासमोर बसलं की होतो घोळ. हिला डावं-उजवं अजून नीट कळत नाही." आई हसली. भाऊ तर टेबलावर चमचा बडवायला लागला, "डावी-उजवी! डावी-उजवी!" आणि अकरा वर्षांची ती मान खाली घालून ताटाकडे पाहत राहिली, कारण बाबा म्हणतायत म्हणजे तसंच असणार. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना वडिलांनी दप्तराचं बक्कल तपासलं आणि म्हणाले, "ठिपका आपल्याकडे." आईने विचारलं होतं, "हे काय नवीन काढलंत?" वडील म्हणाले, "काही नाही. असंच." फाट्यावर उभी राहून तिने हे सगळं ऐकलं, आईच्या आवाजासकट. म्हणजे जे वाक्य तिने जन्मभर घराच्या भिंतीसारखं गृहीत धरलं होतं, ते त्या दाढेनंतर आलेलं होतं. मागच्या माणसाने "ताई, जाता ना?" म्हटलं तेव्हा ती हलली. कुठल्या बाजूला वळली ते तिला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. पण घर आलं.

त्या आठवड्यात तिला राग आला का? आला. अगदी स्वच्छ राग आला, भांडी घासताना, जिना चढताना. एवढंसं खोटं, ताटावर बसून बोललेलं, आणि त्यावर तिचं अख्खं आयुष्य बेतलं गेलं. चालवली नाही ती गाडी, धरले नाहीत ते रस्ते, प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी तीनतीनदा फिरवून पाहणं, आणि कोणी काही ठामपणे सांगितलं की "असेल बाई, माझंच चुकलं असेल" म्हणून बाजूला होणं. मग ती वडिलांच्या खोलीत डोकवायची. ते आरामखुर्चीत डुलक्या घेत असायचे, तोंड थोडं उघडं, हात छातीवर, आणि झोपेतसुद्धा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत असायची, जणू त्यांच्यात बोटाएवढी फिल्म आहे आणि ते तिच्या कोपऱ्यातला फुगवटा चाचपतायत. राग तिथेच विरघळायचा आणि स्वयंपाकघरात पुन्हा घट्ट व्हायचा. एकदा भावाचा फोन आला. "काय डावी-उजवी," तो म्हणाला. तिने विचारलं, "हे नाव मला का पडलं, आठवतं?" तो म्हणाला, "दाताच्या वेळी ना? तूच नाही का चुकीचा दात दाखवलास? बाबा बिचारे!" तिने "हो" म्हटलं. आता तिने ओठ उघडले असते तर बाबांचं ते एक वाक्य गेलं असतं. मिटले तर स्वतःचा उजवा हात जात होता. चांदी मागितली की झालं. डॉक्टरीणबाई करून देते म्हणाल्या होत्या. रविवारी अंगठा फिरेल, नख टिकटिक करेल, "माझं भरलेलं पडत नाही," आणि सगळं होतं तिथे राहील. त्यांनी तिच्या दाढेत जे बुजवलं होतं ते आता ती बुजवील, त्याच धातूने.

शुक्रवारी रांजणाचा भराव वाळला. तिने त्यावर रंग चढवायला घेतला. मूळची माती विटकरी, जागोजागी धुरकटलेली. हात बसलेला होता. मनात आणलं असतं तर तिने असा रंग जमवला असता की खुद्द कुंभाराला पत्ता लागला नसता. पण तिला हे काम शिकवणाऱ्या बाई, कडक, पांढऱ्या केसांच्या, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "लांबून दिसता कामा नये. जवळून लपता कामा नये. भराव नेहमी एक छटा फिकट. जो जवळ येऊन बघतो त्याला कळलं पाहिजे, इथे गेलं होतं आणि इथे भरलं." तेव्हा तिला वाटलं होतं, हा नुसता कामाचा शिरस्ता आहे. तिने रंगात थोडी पांढरी माती मिसळली, थोडी आणखी, आणि लावला. सुतार उठून आला, लांबून पाहिलं, मग नाक रांजणाला टेकवलं.

"दिसतंय," तो म्हणाला.

"दिसू दे."

"माझ्याकडे साहेब ओरडतात, फळीचा सांधा दिसला तर."

"तुझ्या साहेबांना लांब उभं कर," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. हसताना तिला त्या आठवड्यात पहिल्यांदा तोंड पूर्ण उघडल्यासारखं वाटलं.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी रंगांचे नमुने समोर धरले. दातांच्याच आकाराचे छोटे छोटे तुकडे, एका पट्टीवर ओळीने, पिवळसरपासून करड्यापर्यंत. तिला ते पाहून एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बाईंनी एक निवडला, ओला करून दाढेशी लावला. "हा बेमालूम जुळतो. तुम्ही स्वतःसुद्धा शोधू शकणार नाही."

"याच्या शेजारचा घ्या," ती म्हणाली. "फिकट."

"पण मग दिसेल ना, ताई? म्हणजे कोणी अगदी वाकून बघितलं तर."

"वाकून बघणारा एकच आहे."

बाईंनी खांदे उडवले आणि कामाला लागल्या. गालात कापूस, ओठावर रबर, डोळ्यांवर नारिंगी चष्मा. थर, निळा उजेड, थर, निळा उजेड. निळा उजेड चष्म्यातून कसल्या तरी वेगळ्याच रंगाचा दिसत होता, आणि तिला वाटलं की आपण त्या उथळ पांढऱ्या जागेत बसलो आहोत, अकरा वर्षांच्या, पाय पोटाशी घेऊन, आणि वरून कोणीतरी एकेक पातळ पांघरूण घालतंय. भिंती स्वच्छ होत्या. एका भिंतीवर शेजारच्या फटीकडे निघालेली वाट होती, चार पावलं गेलेली. तिथे उभं राहून माणूस मागे वळला असणार. आपण चुकलो हे त्याला कळलं असणार, आणि आपल्या मुलीचं तोंड उघडं आहे, हात वर आहे, हेही. किती घाबरला असेल. एवढ्या भल्या मोठ्या बाबांना कोणाची भीती वाटू शकते हे तिला तेव्हा कळणं शक्य नव्हतं. चष्म्याच्या आत तिचे डोळे भरून आले. "दुखतंय का?" बाईंनी घाईने विचारलं. तिने मान हलवली, नाही.

रविवारी चहा झाला. वडिलांनी खिडकीजवळ खुर्ची ओढली, स्वतः ओढली, तिला हात लावू दिला नाही. विजेरी काढली, दोनदा तळहातावर आपटली तेव्हा पेटली. "आ कर." ती खुर्चीत बसली, मान मागे टाकली, आणि आ केला. त्यांच्या श्वासाला चहाचा वास होता. अंगठा उजवीकडून निघाला, एकेक दाढ, उजव्या चांदीवर टिकटिक. "बरी आहे." मग पुढून वळसा घेऊन डावीकडे. एक, दोन. अंगठा थांबला. नखाने टिकटिक केली; आवाज वेगळा आला, बोथट. त्यांनी पुन्हा केली. मग ते वाकले, इतके की त्यांची भुवई तिच्या गालाला लागली, आणि विजेरी इकडे धरली, तिकडे धरली. अगदी जवळून, सायीच्या त्या पडद्यातून, त्यांना दिसलं असावं.

"पडलं," ते म्हणाले.

तोंडात अंगठा होता. ती बोलू शकत नव्हती, आणि तो काढावा असं तिला वाटलंही नाही. ते सरळ झाले नाहीत. खिडकीतून रस्त्यावरचे आवाज येत होते, कोणीतरी कोणाला तरी वरच्या मजल्यावरून हाक मारत होतं.

"काम छान केलंय. रंग मात्र एक घर चुकला." त्यांनी अंगठा पुन्हा दाढेवरून फिरवला. "का मुद्दाम?"

तिने डोळे मिटून उघडले.

विजेरी अजून पेटलेलीच होती. उजेड तिच्या ओठावर, हनुवटीवर, गळ्यावर सांडत होता. त्यांनी ती विझवली. दुसऱ्या हाताची बोटं एकमेकांवर घासली, एकदा, दोनदा, आणि मग ती घासायची थांबली. "त्या बाईला कळलं असणार," ते म्हणाले. "आत काही नव्हतं ते." आवाज एखाद्या पोराचा असावा तसा लहान झाला होता. मग त्यांनी घसा साफ केला, आणि इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या खोलीत विचारला होता तो प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारला.

"कुठे दुखतंय?"

तिने हात वर केला. कुठल्या हाताने लिहितो ते आठवायला ती थांबली नाही.

वडिलांनी तो हात पाहिला. मनगटाशी धरला, जवळ नेला, चाचपला. "उजवा," ते म्हणाले. "तेव्हाही हाच होता." आणि तो हात त्यांनी खाली घेऊ दिला नाही, तसाच धरून ठेवला.